कण्यांचा हिशेब

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

विदुराघरच्या कण्यांची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकली असेल. दुर्योधनाकडची पक्वान्नं सोडून श्रीकृष्ण विदुराकडे गेला आणि तिथं त्यानं कण्या आवडीनं खाल्ल्या. गोष्ट गोड आहे. पण ती गोड वाटते, याचं कारण कण्या हे गरिबाचं खाणं असं आपण आधीच धरून चाललेलो असतो. देवानं कण्या खाल्ल्या तर त्याचं कौतुक. तुम्ही-आम्ही खाल्ल्या तर ते शेजाऱ्याला कळू नये, अशी आपली धडपड!

रायगड जिल्ह्यातल्या एका गावात, भातगिरणीच्या घरात मी सून म्हणून आले, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. गिरणीच्या घरात तांदळाला काय तोटा, असं माहेरी सगळ्यांना वाटे. तोटा नव्हताच. पण तांदूळ घोळून झाला की सुपाच्या एका बाजूला आख्खा दाणा आणि दुसऱ्या बाजूला कणी, अशी वाटणी व्हायची. आख्खा तांदूळ पाहुण्यांना आणि घरातल्या पुरुषांना. कणी घरातल्या बायकांना, गड्यांना आणि कोंबड्यांना. बहुधा याच क्रमानं! माझ्या सासूबाई म्हणायच्या, ‘‘सूनबाई, दाणा मोडला म्हणून चव मोडत नाही.’’ त्या हे समजूत घालण्यासाठी म्हणत असतील. पण शास्त्रही तेच सांगतं. आख्ख्या तांदळात जे असतं तेच कणीत असतं. फरक पडतो तो रूपात आणि भावात.

मग हा दाणा मोडतो तरी का? थोडं समजून घेऊ. शंभर किलो भात भरडलं, तर साधारण २० ते २२ किलो तूस निघतं, आठेक किलो कोंडा निघतो आणि ६५ ते ७० किलो तांदूळ हाती येतो. या तांदळात आख्खा किती आणि तुकडा किती, यावर गिरणीवाल्याची अब्रू ठरते. दाण्याच्या पाऊण लांबीपेक्षा लहान तुकडा तो मोडका दाणा, असं सरकारी खरेदीत धरतात. सरकारसाठी भरडलेल्या कच्च्या तांदळात अशा तुकड्यांची मर्यादा कित्येक वर्षं २५ टक्के होती. म्हणजे पोत्यात चौथा हिस्सा तुकडा असला तरी तो माल चालत असे! यावरून कणी ही केवढी मोठी गोष्ट आहे, याची कल्पना यावी.

शेतकऱ्याला वाटतं, दाणा गिरणीत मोडतो. खरं सांगायचं तर तो बरेचदा शेतातच मोडलेला असतो. गिरणीत येऊन त्याचे फक्त दोन तुकडे होतात. भात जास्त पिकू दिलं, कापून कडक उन्हात एकदम वाळवलं, रात्री तसंच उघड्यावर ठेवलं आणि त्यावर दव पडलं, की वाळलेला दाणा पुन्हा पाणी ओढून घेतो. त्या ओढाताणीत त्याच्या पोटात बारीक चीर जाते. तूस काढून असा दाणा दिव्यासमोर धरा, केसासारखी रेघ दिसेल. दाण्यात साधारण २० टक्के ओलावा असताना कापणी आणि १४ टक्क्यांच्या आसपास आला की भरडाई, हा यावरचा उपाय. आणि वाळवायचं ते पातळ पसरून, वरचेवर हलवून, रात्री झाकून. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे उकडा तांदूळ खातात. भात उकडताना दाण्यातला स्टार्च शिजून चिरा सांधल्या जातात, म्हणून त्यात कणी कमी पडते. आमच्याकडे सुरय तांदूळ लागतो, त्यामुळे कणी आमच्या पाचवीलाच पुजलेली.

त्यातून आमची गिरण जुनी. हलरमध्ये लोखंडी रूळ दाण्याला घासून तूस आणि कोंडा एकदमच काढतो. दाण्याचे हाल होणारच. पुढे आसपास रबरी रुळांची यंत्रं आली. त्यात दोन रूळ वेगवेगळ्या गतीनं फिरतात आणि तूस सोलून निघतं. दाणा पुष्कळसा वाचतो. आमची गिऱ्हाइकं तिकडे वळू लागली. एक शेतकरी तर भर गिरणीत माझ्या यजमानांना म्हणाला, ‘‘तांदूळ करून मागितला होता, पीठ नव्हतं मागितलं.’’ तो चिडून गेला तो परत आला नाही.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा तोंडावर होता आणि गिरणीच्या मागच्या खोलीत कणीची चाळीस पोती थप्पी लावून पडली होती. कोंबडीखाद्यासाठी नेणारा व्यापारी आला, पोत्यात हात घातला आणि हात झटकून निघून गेला. कणीत तांबडे भुंगेरे झाले होते. आख्ख्या दाण्यापेक्षा तुटलेल्या दाण्यात या किड्याचं फार लवकर फावतं. त्या रात्री यजमान म्हणाले, ‘‘दिवाळीनंतर गिरण विकून टाकू.’’ विकून काय करणार, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मुलगी बारावीला होती. मी काही बोलले नाही. पण सकाळी उठून चाळीस पोत्यांपैकी एक उघडलं आणि चाळत बसले.

त्या चाळण्यातून सगळं सुरू झालं, असं म्हटलं तरी चालेल. कणी ही एक वस्तू नाही, तीन वस्तू आहेत, हे मला त्या दिवशी चाळणीनं शिकवलं. वरच्या चाळणीवर राहते ती मोठी कणी, अर्ध्या दाण्याएवढी. मधली रव्यासारखी. आणि खाली पडते ती बारीक, त्यात कोंडाही मिसळलेला. आम्ही तिन्ही एकाच भावानं, एकाच पोत्यात घालून विकत होतो. मोठीचा भात होतो, पेज होते. मधलीची इडली होते, खीर होते, आणि आमच्या कोकणातलं फणसाचं सांदण तर याच रव्याचं करायचं असतं. बारीक स्वच्छ करून दळली तर पिठी. तिचे मोदक, घावन, चकल्या, बोरं. हे सगळं घरोघरच्या बायकांना पूर्वापार माहीत आहे. आमच्या जिल्ह्यातल्या पेणचे पोहे-पापड तर मुंबईकरांना सांगायला नकोत. तांदळातून संसार उभा करणाऱ्या बायका आमच्याभोवती होत्याच. आमच्याच घरात कोणाला हे सुचलं नव्हतं, कारण कणी म्हणजे कोंबडीचं खाणं, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

आमच्या आळीतल्या सहाजणी जमलो. बचत गट आधीपासून होता. महिन्याला पन्नास रुपये भरण्यापलीकडे त्यात काही होत नव्हतं. मोठ्या उत्साहानं पहिला माल काढला तो तांदळाच्या शेवयांचा. आणि तो साफ फसला. शेवया वाळल्यावर हात लावला की चुरा! तांदळात गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ नुसतं मळून दोरा धरत नाही, हे आम्हाला कोण सांगणार? कृषी विज्ञान केंद्राच्या प्रशिक्षणाला गेलो तेव्हा उलगडा झाला. आधी पिठाची चांगली उकड काढायची, गरम असतानाच मळून सोऱ्यातून शेवया पाडायच्या, पुन्हा वाफवायच्या आणि रात्रभर थंड होऊ द्यायच्या. थंड होताना शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो आणि मगच वाळवल्यावर शेवई टिकते. ग्लुटेनचं काम इथं वाफ करते.

दुसरा फटका मोदकाच्या पिठीनं दिला. गणपतीच्या आधी पन्नास किलो पिठी मुंबईच्या एका दुकानात दिली. आठ दिवसांत फोन आला, ‘‘खवट वास येतोय, घेऊन जा.’’ चूक आमचीच होती. बारीक कणीतला कोंडा नीट काढला नव्हता. कोंड्यात तेल असतं, ते हवेनं खवट होतं आणि सगळ्या पिठीला वास लागतो. ती पन्नास किलो पिठी टेम्पोतून परत आणताना मला रडू आलं होतं, हे मी आज कबूल करते. त्यानंतर नियम केला: कणी आधी पाखडायची, खडे निवडायचे, तीन पाण्यांनी धुवायची, सावलीत वाळवायची, मगच दळायची. आणि सणाच्या आधी पंधरा दिवसांपेक्षा जुनी पिठी द्यायची नाही. अन्नसुरक्षेची नोंदणी, वजन, तारीख, हे सगळं पिशवीवर छापायचं. सुरुवातीला हा जाच वाटायचा. आता वाटतं, आपल्या मालावर आपलं नाव असेल तर हे हवंच.

आता थोडं पैशाचं बोलते, कारण ‘मूल्यवर्धन’ हा शब्द भाषणांत फार सोपा वाटतो. एक किलो कणी व्यापाऱ्याला दिली तर आज मला साधारण २२ रुपये मिळतात. तिची पिठी केली तर धुण्यात, चाळण्यात शंभरेक ग्रॅम जातं, ९०० ग्रॅम उरतं. ८० रुपये किलोनं त्याचे ७२ रुपये झाले. वरवर पाहता ५० रुपयांचा फायदा! पण त्यातून मजुरी १६, दळण आणि वीज ५, पिशवी आणि लेबल ६, दुकानदाराचं कमिशन १४, परत आलेल्या मालाची खोट २. उरले किती? ७ रुपये. भाव तिपटीहून जास्त झाला, पण नफा तिप्पट झाला नाही. मात्र ते मजुरीचे १६ रुपये आमच्याच आळीत राहिले, हे विसरू नका. ज्या भगिनी असा उद्योग काढायच्या विचारात असतील, त्यांनी आधी पाटी-पेन्सिल घेऊन हा हिशेब मांडावा आणि मगच यंत्राच्या कर्जावर सही करावी.

हळूहळू घडी बसली. यजमानांनी जुनी गिरण विकली नाही; तिच्या शेजारी सेकंडहँड रबरी रुळाचं यंत्र बसवलं. शेतकरी परत येऊ लागले. गंमत अशी, की नव्या यंत्रामुळे कणी कमी पडू लागली आणि इकडे आम्हाला कणीची गरज वाढली! सासूबाई हसून म्हणाल्या, ‘‘इतकी वर्षं कणी पडते म्हणून रडलात, आता पडत नाही म्हणून रडा.’’

पण श्रोतेहो, खरी अडचण पुढेच होती आणि तिच्यासाठीच मी आज बोलायचं कबूल केलं.

आमच्या गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी एक आदिवासी वाडी आहे. तिथली माणसं हिवाळ्यात वीटभट्टीवर जातात, पाऊस आला की परततात. मामंजींच्या काळापासून त्या वाडीवरच्या बायका पावसाळ्यात गिरणीवर येऊन पायलीनं कणी न्यायच्या. अगदी स्वस्तात, कधी उधारीवर, कधी गिरण झाडण्याच्या बदल्यात. आमचा धंदा जमल्यावर तिसऱ्या वर्षी त्यांतली एक म्हातारी आली. मी सांगितलं, कणी शिल्लक नाही, सगळी पिठीला लागते. ती दारातच उभी राहिली. मागे पिशव्यांची रास लावलेली होती, त्यावर आमच्या गटाचं नाव छापलेलं. तिकडे बघून ती म्हणाली, ‘‘वहिनी, तुमची कणी पिशवीत गेली. आमची कुठं गेली?’’

आवाजात भांडण नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, आता रेशनवर तांदूळ मिळतो ना? मिळतो, ती म्हणाली; पण भट्टीवरून परतल्यावर लावणीची कामं सुरू होईपर्यंत हातात काही नसतं आणि महिन्याच्या शेवटी रेशन संपलेलं असतं. ते दिवस कणीवर काढायचे. मला ते माहीत का नव्हतं? माहीत होतं. गिरणीच्या हिशेबात ती ओळ कधी लिहिलीच नव्हती, एवढंच. आम्ही ज्याला ‘वाया जाणारा माल’ म्हणत होतो, तो वाया जातच नव्हता. तो कोणाच्या तरी ताटात जात होता.

त्या संध्याकाळी घरात वाद झाला. यजमान म्हणाले, ‘‘धंदा करायचा की दानधर्म, एक काय ते ठरव.’’ त्यांचंही चुकत नव्हतं. यंत्राचा हप्ता होता. गटातल्या दोघीही नाराज झाल्या. शेवटी आम्ही एक ठरवलं आणि ते आजही पाळतो. जूनपासून लावणी संपेपर्यंत, दर आठवड्याला निघणाऱ्या मोठ्या कणीतला चौथा हिस्सा बाजूला ठेवायचा आणि व्यापारी आम्हाला जो भाव देतो त्याच भावानं वाडीला द्यायचा. उधारी चालेल. यात आमचं नुकसान किती? वर हिशेब सांगितलाच आहे: किलोमागे सात रुपये. सात रुपयांसाठी मी त्या म्हातारीला दारातून परत पाठवलं होतं.

गोष्ट इथंच संपत नाही. तीच आजी पुढे आमच्याकडे निवडण-टिपणाच्या कामाला येऊ लागली. एकदा आमचं पेजेचं मिश्रण बघून म्हणाली, ‘‘कच्ची कणी घातलीत? मग खळ होईल, पेज नाही.’’ तिनं मोठी कणी लोखंडी तव्यावर मंद आचेवर, वास सुटेपर्यंत भाजली, त्यात भाजलेली मूगडाळ आणि जिरं घातलं. भाजलेली कणी मोकळी शिजते, लवकर पचते असं आमच्याकडे मानतात, आणि भाजल्यामुळे त्यातली किडीची अंडीही मरतात, म्हणून टिकतेही जास्त. आज आमच्या सगळ्या मालात सर्वांत जास्त खपतं ते हे भाजक्या कण्यांच्या पेजेचं मिश्रण. आजारी माणसासाठी, बाळंतिणीसाठी मुंबई-ठाण्याची माणसं आवर्जून नेतात. कृती त्या आजीची आहे. तिला गटात घ्यायला आम्हाला आणखी एक वर्ष लागलं, हे सांगताना मला संकोच वाटतो.

ही फक्त आमच्या गावची गोष्ट आहे असं मात्र समजू नका. जगभर कणीला मान आहे. व्हिएतनाममध्ये ‘कॉम ताम’ म्हणजे तुकडा तांदळाचा भात. एके काळी गरिबांचं असलेलं हे खाणं आज सायगावची ओळख बनलं आहे. आफ्रिकेतल्या सेनेगल देशात ‘चेबु जेन’ हा मासळीभात तुकडा तांदळाचाच करतात आणि २०२१ मध्ये युनेस्कोनं त्याला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. भारतातून कणीची मोठी निर्यात होत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारनं ती बंद केली आणि मार्च २०२५ मध्ये पुन्हा खुली केली. पशुखाद्य, इथेनॉल, बिअर, स्टार्च, या सगळ्या कारखान्यांना कणी लागते. म्हणजे आमच्या मागच्या खोलीतल्या पोत्याचा भाव कुठे दिल्लीत, कुठे परदेशात ठरत असतो. मोठ्या उद्योगाला कणी हवीशी झाली, की वाडीवरच्या चुलीवर ती महाग होते. आमच्या दारात झालं तेच देशाच्या पातळीवरही होऊ शकतं.

आणखी एक नवल सांगते. सरकारी योजनांमधून पोषणतत्त्वं मिसळलेला तांदूळ देण्याची घोषणा २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी झाली होती. त्या तांदळात शंभर दाण्यांमागे एक दाणा कारखान्यात बनवलेला असतो. तांदळाचं पीठ, त्यासाठी बरेचदा कणीच वापरतात, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळायचं आणि साच्यातून दाबून पुन्हा दाण्याचा आकार द्यायचा. अनेक ठिकाणी लोक हा दाणा बघून ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ म्हणून घाबरले. प्लॅस्टिक कसलं, तो आपला मोडलेला दाणाच पुन्हा दाणा होऊन आला होता!

जाता जाता दोन व्यवहाराच्या गोष्टी. कणी विकत घेताना आधी वास घ्या. खवट असेल तर भाव कितीही कमी असला तरी घेऊ नका. मुठीत घेऊन सोडा; हाताला पीठ फार लागलं तर ती जुनी किंवा किडकी असण्याचा संभव आहे. दोन-तीन आठवड्यांपुरतीच आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि कणीचं कौतुक करताना ती औषध आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ती पांढऱ्या तांदळाइतकीच चांगली आणि तितकीच अपुरी आहे. तिच्यासोबत डाळ हवी, भाजी हवी. मधुमेह असलेल्यांनी भाताला जे पथ्य, तेच कणीला पाळावं.

आज आमच्या गटात अकरा जणी आहेत. गिरणीचा हप्ता फिटला. माझ्या मुलीनं अन्नतंत्रज्ञानाचा अभ्यास केला आणि ती आता आम्हाला आमच्या चुका शास्त्रीय नावांनी सांगते. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. शेवटच्या दुखण्यात त्या फक्त कण्यांची पेज घेत होत्या. वरून लोणकढं तूप आणि किंचित मीठ. ‘‘पाहुण्यांचा तांदूळ नको गं,’’ म्हणायच्या.

यंदाही जून आला की मागच्या खोलीतला चौथा हिस्सा बाजूला काढायचा आहे. पोत्यावर खडूनं ‘वाडी’ असं लिहायचं काम आता यजमानच करतात. मी त्यांना त्याबद्दल काही विचारलेलं नाही.